तिसरा बाजार

"नुसती बसून बघते हो," म्हणत द्वारकाबाई सलग दुसऱ्या सोमवारी बाजारातल्या त्याच वेताच्या आरामखुर्चीत टेकल्या आणि चांगला अर्धा तास उठल्या नाहीत.

घेतली मात्र नाही. आवडलेली वस्तू तीन बाजार थांबूनही मनातून उतरली नाही, तरच घ्यायची, हा त्यांचाच नियम. त्यापायी नवऱ्याच्या कितीतरी हौशी बाजारातच राहिल्या होत्या.

तिसऱ्या सोमवारी त्या पैसे घेऊन पोचल्या, तर खुर्चीवाला म्हणाला, "ती पहिल्याच बाजारी विकली गेली, बाई. गिऱ्हाईक आज न्यायला येणार आहे."

"कोण तो मेला?"

"मीच," मागून नवरा म्हणाला. "तुझे तीन बाजार भरायची वाट बघत होतो."

"अन् माझ्या मनातून उतरली असती तर?"

"तर मी बसलो असतो की!"