डावा हात

"आत्यांनी मळलेलं पीठ फुगत नाही, हे पाहिलंय कुणी?" नव्या सुनेनं विचारलं.

भट्टीपाशी उभा असलेला बेकरीवाला सासरा हसला. "पाहायचंय काय त्यात? ताई डावखुरी. डावऱ्या हाताखाली पीठ मान टाकतं. आई सांगायची."

"आजींनी पाहिलं होतं?"

"तिला तिच्या सासूनं सांगितलेलं."

"तेव्हा आत्या जन्मल्या तरी होत्या का, बाबा?"

आत्या मोरीवर ट्रे घासत होत्या, मळायच्या टेबलाकडे पाठ करून. उभा जन्म त्यांचा तिथंच गेला होता. पिठाला बोट म्हणून लावलं नव्हतं. "पुरे गं सूनबाई," त्या न वळताच म्हणाल्या. "परातभर पीठ वाया जाईल."

"विटा झाल्या तर मी खाईन."

"दात आहेत मजबूत," सासरा म्हणाला. "होऊन जाऊ दे. हौस फिटेल हिची."

एकाच पोत्यातला मैदा, एकच यीस्ट, एकाच पातेल्यातलं कोमट पाणी. एक परात भावानं मळली, एक बहिणीनं. आत्यांचा डावा हात आधी पिठावरच थबकला. मग आत गेला, आणि कुणी न शिकवताच त्याला लय सापडली. दोन्ही पराती ओलं फडकं टाकून भट्टीच्या उबेला ठेवल्या.

आत्या पुन्हा मोरीवर गेल्या. ट्रे हातात तसाच. ओठ हलत होते.

"काय मागताय देवाकडे?" सुनेनं चिडवलं.

"तेच कळेना गं. नाही फुगलं, तर सगळं होतं तसंच. आणि फुगलं, तर..." त्यांनी हातातल्या ट्रेकडे पाहिलं. "तर मी इतकी वर्षं हे का घासत बसले?"



थोड्या वेळानं फडकी आतल्या पिठानं वर उचलली जाऊ लागली. दोन्ही. सासऱ्यानं बहिणीच्या परातीवरचं फडकं स्वतः काढलं. पीठ काठोकाठ आलं होतं; तुकतुकीत, ताठ, सालीखाली बारीक बुडबुडे. तो वाकला, वास घेतला, आपल्या परातीकडे बघितलं, पुन्हा बहिणीच्या. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"ताई, ये," एवढंच म्हणाला.

आत्या हात पुसत आल्या. डाव्या हाताचं एक बोट त्यांनी पिठात हलकेच दाबलं आणि काढून घेतलं. खळगा पडला. तिघंही वाकून बघत राहिली. झोपलेल्या बाळाचं पोट वर यावं, तसा तो सावकाश भरून येत होता.

आत्यांनी मागं वळून मोरीकडे पाहिलं. मग परातीकडे.

"देवा," त्या पुटपुटल्या, "हे रोज माझ्या पाठीमागं होत होतं?"