टेकडीवरच्या बातम्या

हे गेले आणि आमच्या बुंदी कुत्रीला सकाळी टेकडीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. इतकी वर्षं मी घरी चहा टाकायचे आणि हे आले की वरच्या बातम्या ऐकायचे. देवळामागचा बहावा फुलला, खाणीपाशी मोर नाचत होता, असलं काहीबाही.

आज उन्हं तापायच्या आत निघालो. अर्ध्या चढावर बुंदी कडुनिंबाखालच्या बाकावर चढून बसली ती उठेचना. मी साखळी ओढली, रागावले, बिस्किटही दाखवलं.

वरून उतरणारे एक गृहस्थ थांबले. "ओढू नका, ती इथपर्यंतच येते. मुजुमदारांना पुढे दम लागायचा. शेवटची दोन वर्षं दोघं इथेच तर बसायचे."

"अहो, मग बहावा? मोर?"

"ते होय! उतरणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारायचे, वर काय दिसलं म्हणून. बातमीशिवाय घरी चहा मिळत नाही म्हणायचे."

मी बुंदीशेजारी बाकावर टेकले. गृहस्थ निघाले. चार पावलं गेले असतील, तेवढ्यात मीच हाक मारली.

"अहो, आज वर काय दिसलं?"