शेवटच्या वाक्यावरची टाळी

पुस्तक भलतंच मजेशीर होतं. जग संपवायला निघालेला राक्षस पत्ताच विसरतो आणि चौकाचौकांत लोकांना विचारत फिरतो. बंद खोलीत माइकसमोर ते मोठ्याने वाचताना ताईंना हसू आवरत नव्हतं, आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट तर दुपारभर पोट धरून हसत होता.

वाचताना चुकलं की ताई एक टाळी वाजवायच्या आणि वाक्य पुन्हा घ्यायच्या. टाळी सापडेल तिथली चूक रेकॉर्डिस्ट नंतर कापायचा. दोघांची ही जुनी पद्धत.

शेवटचं पान आलं. ताईंनी वाचलं, "आणि जगात कुणीच उरलं नाही."

दोघांच्याही हेडफोनमध्ये टाळी वाजली.

"अहो ताई, बरोबर तर होतं! टाळी कशाला?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"मी कुठे वाजवली? दोन्ही हातांत पुस्तक आहे माझ्या."

तो हसला. "बरं, पुन्हा घ्या."

ताईंनी एकेक शब्द जपून वाचला. पुन्हा टाळी वाजली, या वेळी अगदी कानाशी.

रेकॉर्डिस्ट हसला नाही. "ताई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही आधी बाहेर या."

ताईंचे पाय हलेनात. एकदाचं हे संपावं म्हणून त्यांनी तोंडाला येईल तसं वाक्यच बदलून टाकलं, "आणि जगात एकच बाई उरली."

टाळी वाजली नाही.

हायसं वाटून ताईंनी काचेकडे पाहिलं. पलीकडे रेकॉर्डिस्टची रिकामी खुर्ची अजून हळूहळू फिरत होती.