पाडांगसमोरचं जुनं कोर्ट

“कैद्यांना वर कसं न्यायचे गं?” अरुणाताईंनी विचारलं.

“जिन्याने. थेट आरोपीच्या पिंजऱ्यात,” सून ऋचा म्हणाली.

सिंगापूरच्या जुन्या सुप्रीम कोर्टात आता चित्रं लावली होती. कोठड्या तेवढ्या राखल्या होत्या. देवगडहून आल्या आल्या अरुणाताई म्हणाल्या होत्या, “मला इथलं कोर्ट दाखव.” यांना कळलं की काय, असं ऋचाला वाटलं. मग आठवलं, सासरे देवगडच्या कोर्टात शिरस्तेदार होते. सासूबाईंचा अर्धा संसार कोर्टामागच्या क्वार्टरमध्ये झाला होता.

नवरा शैलेंद्र जहाजावर आहे, असं तिने त्यांना सांगितलं होतं. तो तुरुंगात होता. शहराच्या चोआ चू कांग भागात कंपनीच्या गाडीने त्याने एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला उडवलं आणि न थांबता घरी आला. म्हातारा जागीच गेला. कुणी पाहिलं नव्हतं. तरी आठवड्याभरात पोलीस दारात आले. उद्या शिक्षा सुनावणार होते. वकिलाने कमी शिक्षेची आशा सोडायला सांगितलं होतं.

“जहाज कधी लागेल त्याचं?”

“नक्की नाही, आई. समुद्रात रेंज नसते ना.”

अरुणाताईंनी मान हलवली.

पाडांगचं मैदान ओलांडून दोघी युद्धस्मारकापाशी आल्या. दगडात कोरलेल्या नावांवरून अरुणाताई बोट फिरवत राहिल्या.

“महायुद्धात गेलेले लोक,” ऋचा म्हणाली.

“त्या सायकलवाल्याचं नाव काय होतं?”

ऋचाने झटकन वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“शैलूने त्याच संध्याकाळी फोन केला होता मला,” अरुणाताई म्हणाल्या. “लहान पोरासारखा रडत होता.”

ऋचा पायरीवर बसली आणि सासूच्या कुशीत तोंड खुपसून रडली. इतके महिने ती कुणाजवळ बोलली नव्हती.

“तो स्वतःहून जाणार होता हो पोलिसांत. रोज म्हणायचा, उद्या जातो. तेवढ्यात कुणीतरी कळवलं. स्वतः गेला असता तर शिक्षा कमी झाली असती, वकील म्हणाले. ज्याने कुणी कळवलं ना, त्याचं कधी भलं होणार नाही!”

अरुणाताईंचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

“मलाही रोज तेच सांगायचा, उद्या जातो,” त्या म्हणाल्या. “शेवटी मीच कळवलं.”