रजिस्टरातल्या सुगंधाताई

बारावं नाव मिळालं तर विद्याधर सरांचे आठवड्याचे नऊ तास टिकणार होते. तासिकेवर शिकवणाऱ्या माणसाकडे टिकवण्यासारखं तेवढंच असतं. मुलुंडच्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, ग्रीकांपासून बुद्धिवादापर्यंत’ हा विषय घेणारी मुलं होती अकरा. बाराच्या खाली आकडा गेला की विषय बंद, असा नियम होता.

सरांनी बारावं नाव लायब्ररीत शोधलं. सुगंधाताई तिथे शिपाई होत्या. कांजूरमार्गहून येऊन सकाळी साडेसहाला कुलूप उघडायच्या. चाळिशीत बाहेरून परीक्षा देऊन बारावी झाल्या होत्या. लायब्ररीतले कारकून बरोबर तीन वर्षांनी निवृत्त होणार होते आणि त्या जागेला पदवी लागत होती. म्हणजे फायदा दोघांचाही होता.

“नुसतं नाव द्या ताई. तासाला बसायची गरज नाही, हजेरीचं मी बघतो.”

“आणि परीक्षेचं?”

“तेही बघू.”

जून आणि जुलै सरांनी बारा नंबरापुढे रोज न चुकता टिक केली. बाकीची मुलं दांड्या मारत होती, तापाने पडत होती, गावाला जात होती. सुगंधाताई कधीच नाही. त्याच दिवसांत सर शिकवत होते की या जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे कुठल्यातरी वरच्या, निर्दोष वस्तूची कच्ची नक्कल. उदाहरणाला ते टेबल घ्यायचे. त्याहून चांगलं उदाहरण त्यांच्या बगलेतल्या रजिस्टरात होतं.

ऑगस्टमध्ये एकदा सर सवयीने “बारा” म्हणाले, पेन टेकवलं, आणि दारातून आवाज आला, “हजर सर.”

सुगंधाताई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या.

“काय मावशी, वाट चुकलात?” मागच्या बाकावरून सुशांतने विचारलं.

“तू रोज चुकतोस तेव्हा मी विचारते काय? सरक तिकडे.”

त्या बसल्या. तास सॉक्रेटिसच्या तुरुंगाचा होता. मित्राने पहारेकऱ्याला पटवलं होतं, पळायची सगळी सोय झाली होती, तरी सॉक्रेटिस गेला नाही.

“येडाच होता म्हणजे,” सुशांत म्हणाला.

“येडा कसला रे?” ताई म्हणाल्या. “जन्मभर लोकांना शहाणपण शिकवलं. स्वतःवर वेळ आल्यावर कल्टी मारली असती, तर आधीचं सगळं फुकट गेलं नसतं?”

सर फळा पुसायला वळले. हे सांगायला त्यांनी तीन तास राखून ठेवले होते.

त्यानंतर ताईंनी तास चुकवला नाही. प्रत्येक गोष्टीवर शंका घेत सुटलेल्या फ्रेंच गणितज्ञाची गाठ पडली तेव्हाही त्या होत्या. सगळ्यावर शंका घेतली तरी शंका घेणारा उरतोच, म्हणून तो आहे, असं सरांनी समजावलं. ताईंनी हात वर केला. “मग रजिस्टरातली सुगंधा? ती तर शंकापण घेत नाय. ती आहे की नाय?” वर्ग हसला. सर जरा उशिरा हसले.

नोव्हेंबरात तपासणी समिती आली. अध्यक्ष दर्शना मॅडम स्वतः याच विषयाच्या, दुसऱ्या कॉलेजातल्या. विषय चालू राहावा असंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी वर्गात रजिस्टर चाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“सुगंधाताई कोण? तुम्ही? पहिल्या दिवसापासून एकही खाडा नाही! तेही नोकरी सांभाळून. टाळ्या वाजवा रे यांच्यासाठी.”

टाळ्या वाजल्या. सुशांतने शिट्टी मारली. ताई आभार मानायला उठल्या आणि टाळ्या थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

“खरां सांगू, मॅडम? जून-जुलै मी नव्हतेच. ऑगस्टपासून येते.”

मॅडमनी चष्मा काढला. दोन महिने वजा केले तर हजेरी कमी पडत होती. हजेरी कमी पडली की नाव कापलं जातं, आणि उरतात अकरा. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि आवाज अगदी मऊ केला. “सर, यांचा काहीतरी गोंधळ होतोय. कामाच्या धबडग्यात महिने नाही लक्षात राहत. हो ना?”

मान हलवणं, एवढंच काम होतं. अकरा मुलं सरांकडे बघत होती. ताई मात्र खिडकीबाहेर बघत होत्या, जणू त्यांचा पेपर लिहून झाला होता.

“गोंधळ नाही, मॅडम,” सर म्हणाले. “त्या टिका मी केल्यात.”

अकराच्या अकरा मुलं इतिहासात गेली. सुशांतच्या मते तिथले बाक जास्त चांगले आहेत. ताईंचं वर्ष बुडालं, म्हणजे कारकुनाची खुर्ची रिकामी होईल तेव्हा त्यांच्या हातात पदवी नसेल. सरांचे नऊ तास गेले.

शेवटच्या दिवशी सर लायब्ररीत विषयाचा छापील अहवाल भरायला बसले. ताईंनी टेबल पुसलं आणि चहा आणून ठेवला. अहवालाच्या तळाशी एक रकाना होता: ‘विषय किती जणांनी आत्मसात केला?’ नऊ वर्षं सर तिथे ‘सर्व’ लिहीत आले होते.

या वेळी त्यांनी ‘एक’ लिहिलं. चहा संपवला. मग ते खोडून ‘दोन’ केलं.