मावतील तेवढे बाबा

पटाशीखालचं लाकूड एकदम संपलं. हाताला काहीच लागेना. मेरिनने लेथ थांबवला, कातायला लावलेला लाकडी डबा लेथच्या पकडीतून सोडवला आणि खिडकीपुढे धरला. बुडाच्या मधोमध भोक पडलं होतं, करंगळीचं टोक जाईल एवढं. त्यातून नदी दिसत होती.

भिंतीकडेला चहाचे मग घेऊन बसलेले लाकूड कातणाऱ्यांच्या क्लबातले सहाही म्हातारे उठून आले. सगळ्यांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते. भरती पुरी चढली की मेरिनच्या बाबांची, व्हर्न टॅटनेलची, रक्षा घेऊन नदीत जायचं होतं.

क्लॅरी त्यांच्यात थोरला. त्याने डबा घेतला, भोकात करंगळी घातली आणि हलवून दाखवली.

"टॅटनेलच्या घरचं भोक," तो म्हणाला. "हे बघायला मी तीस वर्षं जगलो."

मग कुणाला आवरेना. या शेडची रीतच होती. बूड फोडलेला डबा ज्याचा त्याने भिंतीवर खिळ्याला टांगायचा, खाली तापल्या तारेने स्वतःचं नाव डागायचं आणि सगळ्यांना लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळलेले केक, चारायचे. भिंतीवर एक्केचाळीस डबे होते. त्यातले नऊ एकट्या क्लॅरीचे. व्हर्न टॅटनेलचा एकही नव्हता.

"नारळाचा कीस जास्त लावून आण गं," एक जण म्हणाला.

"बापाचा राग हिच्यावर काढू नका रे."

"तीस वर्षं माझे लॅमिंग्टन खाल्ले त्याने. वसूल नको व्हायला?" क्लॅरी म्हणाला.

मेरिन हसत नव्हती. हा ह्युऑन पाइनच्या दुर्मिळ लाकडाचा, बाबांनी राखून ठेवलेला शेवटचा ठोकळा होता. आईला व्हर्न सगळाच्या सगळा नदीत सोडायचा होता. मेरिनला तो घरी हवा होता, फडताळावर, झाकणाखाली. तीन आठवडे दोघी जेवणाच्या टेबलावर भांडल्या. शेवटी आईच म्हणाली, "तू एक डबा कर. त्यात मावेल तेवढा तुझा. उरलेला नदीचा."

म्हणून मेरिन सकाळपासून आतलं लाकूड काढत होती. भिंती काढून काढून पुठ्ठ्याएवढ्या पातळ केल्या. मग ती बुडाकडे वळली. खोली मोजायची काठी कधीच थांब म्हणाली होती. पण एक चमचा लाकूड निघालं की एक चमचा बाबा जास्त मावणार होते. तिने एक चमचा काढला. मग आणखी एक.

आई दारातून आत आली. ग्लेनिस टॅटनेल, वय अठ्ठ्याहत्तर, काखेत रक्षेची प्लॅस्टिकची बरणी. तिने क्लॅरीच्या हातातून डबा घेतला आणि भोकाला डोळा लावून लेकीकडे पाहिलं.

"किती खोल गेलीस गं?"

"मावायला हवं होतं ना."

आईचे खांदे हलायला लागले. मेरिनला वाटलं, रडते आहे. पण तिने बरणी लेथवर टेकवली आणि पोट धरलं.

"टॅटनेलचा डबा म्हणून तर मी डबा कर म्हटलं," ती कशीबशी म्हणाली. "म्हटलं, दोन चमचे मावतील फार तर."

"दोनच?"

"अगं, तुझ्या बाबाने बूड बोटभर जाडीच्या खाली कधी नेलंच नाही. साखरेचा डबा बघ आपला. दिसायला केवढा, आणि दिवसातून दोनदा भरायचा. भोक पडेल म्हणून घाबरायचा तो."

सगळे भिंतीवरच्या डब्यांकडे वळले.

"आणि आम्ही त्याला उस्ताद म्हणत होतो," क्लॅरी म्हणाला.

यावर जो गोंधळ उठला, त्यात मेरिनचंही हसू सुटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ती ढलप्यांच्या ढिगातच बसली. केसांत ढलप्या, डोळ्यांत पाणी.

क्लॅरीने बाहीने डोळे पुसले. "दहा मिनिटं दे. याच लाकडाची चकती कातून भोक बुजवतो. कळायचंसुद्धा नाही."

आईने बरणी लेकीकडे सरकवली. शब्द दिला होता.

मेरिनने डबा उलटासुलटा करून पाहिला. "नको," ती म्हणाली. "होडी काढा."

होडीत तिने भोकाखाली बोट धरून डबा काठोकाठ भरला, वर झाकण बसवलं. वारा होता. ती काठावरून वाकली, डबा पाण्याजवळ नेला आणि बोट काढलं. काहीच पडलं नाही.

"झाकण फार नेटकं बसवलंयस," वल्ह्यावरून क्लॅरी म्हणाला. "हवा शिरत नाहीये. उघड."

टप् आवाज झाला आणि करड्या राखेची बारीक धार सरळ पाण्यात उतरली. एक कण कुणाच्या डोळ्यात गेला नाही. मेरिनने झाकण लावलं. धार थांबली. उघडलं. सुरू झाली. मागून दुसऱ्या होडीत आलेले म्हातारे टाळ्या वाजवायला लागले.

"नळ आहे का गं तो?" आई म्हणाली. "दे, मला बघू दे."

आईने दोनदा करून पाहिलं. मग मेरिनने झाकण काढून कोटाच्या खिशात टाकलं आणि डबा दोन्ही हातांत धरला. आईने बरणी तिरकी केली. डबा भरत राहिला, गळत राहिला, हातात जड आणि हलका होत राहिला. पाव तास लागला.

बरणी रिकामी झाली तेव्हा त्या चार बोटं उंचीच्या डब्यात बाबा सगळेच्या सगळे मावून गेले होते.