डिंकाचे लाडू

डिंक तुपात टपोरा फुलला, तशी इंदूआत्याला आई आठवली. घरात कुणाचं हाड मोडलं की आई हेच लाडू वळायची.

भाची रेणूचा वरचा जबडा डॉक्टरांनी कापून रुंद केला होता आणि मधल्या फटीत हाडाचं जिवंत बियाणं पेरलं होतं. "त्याची शिदोरी त्याच्याजवळ आहे. फट भरली की ते उपाशी मरायलाच हवं. पौष्टिक काही देऊ नका, नुसती पेज द्या," असं त्यांनी बजावलं होतं. पण पेजेवर कुठे हाड धरतं? आत्या पोरीला चोरून लाडू कुस्करून भरवत राहिली. फट लवकर भरलीही.

रेणू स्वयंपाकघरात आली. "आत्या, अजून एक दे ना." शब्द जड येत होते.

"आधी तोंडातला संपव, हावरे!"

"तोंडात काही नाहीये गं."

आत्याने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. खरंच, लाडवाचा कणही नव्हता. टाळूचं हाडच तुपातल्या डिंकासारखं फुगून जिभेला टेकलं होतं.

आत्याने कढईखालचा गॅस बंद केला.

"दे ना," रेणू म्हणाली. "मला नाही गं, हाडाला भूक लागलीय."